विंचवाचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि "तुमच्या त्या गाडीवरच्या घराबद्दल वर्धापनदिनाला चार शब्द बोला," असे म्हणाल्या. मी प्रथम नाहीच म्हटले. या व्यासपीठावरून आजवर बालसंगोपन, आहारशास्त्र, मृत्युपत्र अशा विषयांवर विदुषींची भाषणे झाली. तिथे उभे राहून मी काय सांगावे, तर आम्ही पिकअपच्या हौद्यात कसे झोपतो! पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गल्लीतल्या प्रत्येकीला ते आतून पाहायचे आहे, विचारायला मात्र सगळ्या संकोचतात." तेव्हा तो संकोच आज मीच मोडते.

पुष्कळजणींना वाटते की आम्ही कसली तरी परदेशी गाडी आणली. तसे काही नाही. गाडी आमच्या वर्कशॉपचीच. जॉबवर्कचा माल औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना पोचवण्यासाठी घेतलेली, पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे आखूड हौदा असलेली. सोमवार ते शनिवार ती माल वाहते. रविवारी तिच्या हौद्यात एक पेटी चढते, आणि तेच आमचे घर. पेटी मिटलेली असली तर केबिनच्या टपापेक्षा वीतभरच उंच दिसते. मुक्कामावर पोचलो की आतल्या कड्या सोडायच्या आणि छताला दोन्ही हातांनी वर रेटायचे. गॅसचे दट्टे बसवले आहेत, त्यामुळे छत हलकेच वर जाते, चारी बाजूंचा कॅनव्हास ताणला जातो, आणि माझ्यासारखीला आत सरळ उभे राहता येते. हौदा पाच फुटांचाही नाही, म्हणून झोपायची फळी पुढे केबिनच्या टपावर सरकते. तिच्यावर दोघांना झोपता येते. खाली बाकावर तिसरे माणूस आडवे होते, तेही पाय दुमडून.

ही युक्ती आमची नव्हे. जर्मनीत १९५१ साली वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाडीत ठेवायची अशीच एक पेटी केली होती. आठवडाभर धंद्याची गाडी, सुटीच्या दिवशी पेटी आत ठेवून सहलीची गाडी, हाच तिचा हेतू. अमेरिकेत जॉन स्टाइनबेक हे मोठे कादंबरीकार १९६० साली पिकअपवर असेच घरकुल बसवून, सोबत कुत्रा घेऊन, सारा देश हिंडले. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. २०२२ साली महिंद्र कंपनीनेही, जिचा मोठा कारखाना आपल्या सातपुरातच आहे, पिकअपवर बांधलेल्या कॅम्परसाठी एका संस्थेशी करार केला. त्यात न्हाणीघर, स्वयंपाकघर सारे असावयाचे. ते भारी लोकांचे झाले. आमचे काम भंगारातून सुरू झाले.

२०२० सालच्या टाळेबंदीत वर्कशॉप बंद होते. हे घरात बसून कंटाळले, आणि कंटाळलेला फिटर घरात असणे म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आहे त्याच जाणतात. प्रथम मिक्सर उघडून झाला, मग पंखे. शेवटी शिल्लक पडलेल्या लोखंडी अँगलची आणि जाड प्लायवुडची ही पेटी उभी राहिली. दिसायला भक्कम होती. वजनकाट्यावर नेली तेव्हा चारशे दहा किलो भरली.

तुम्ही म्हणाल, पिकअप तर टनभर माल नेते, मग चारशे किलोंचे काय एवढे? मीही तेच म्हटले होते. पण ती पेटी उतरवायला चेन पुली लागायची. सोमवारी सकाळी हौदा रिकामा हवा, नाहीतर आठवड्याची रोजी बुडते. शिवाय मालाचे वजन हौद्याच्या तळाशी असते, पेटीचे वजन मात्र उंच. घाटाच्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकली की पोटात गोळा येई. वणीच्या गडाला नांदुरीहून चढताना जाऊबाईंनी डोळे मिटून जी देवीची नावे घ्यायला सुरुवात केली, ती वर पोचेपर्यंत थांबल्या नाहीत.

तेव्हा ती पेटी मोडली. दुसरी अॅल्युमिनियमच्या चौकटीची, पातळ पत्र्याची, आणि वरचा अर्धा भाग कॅनव्हासचा. ती भरली एकशे ऐंशी किलो. चार माणसे उचलून खाली ठेवतात. गाडीला आम्ही एक भोकही पाडलेले नाही. पेटी पट्ट्यांनी हौद्याच्या कड्यांना बांधतो, कारण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही. आणि गाडी चालू असताना पेटीत कोणीही बसायचे नाही. नातवंडे कितीही रडली तरी नाही.

यापुढचे वजन उतरवले ते मात्र मी. ह्यांनी किलोकिलोने पत्रा कमी केला, आणि मी काय केले, तर पहिल्या फेरीला पाच लिटरचा कुकर, लोखंडी तवा, परात, पोळपाट आणि सासूबाईंचा खलबत्ता असे सारे भरले! हे एक शब्द बोलले नाहीत. घरचा ताणकाटा आणून माझ्यासमोर एकेक वस्तू लटकावली. एकट्या भांड्यांचे एकवीस किलो झाले. दुसऱ्या दिवशी मी तो ताणकाटा त्यांच्या हत्यारांच्या पेटीला लावला. चौतीस किलो! मग दोघेही शहाणे झालो. आता लहान कुकर, एक पातेले, एक तवा, आणि ताटे माणशी एकच. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी, भाजलेला रवा. पीठ घरीच मोजून पिशव्यांत बांधायचे. सर्वांत जड वस्तू म्हणजे पाणी. लिटरला किलो, त्यात सूट नाही. चाळीस लिटर नेतो, ते हौद्याच्या तळाशी, केबिनला चिकटून. मागच्या टोकाला ठेवले तर गाडीचे नाक उचलल्यासारखे होते आणि स्टिअरिंग हलके लागते. पेटी बांधलेले पट्टे दर तासाने हाताने चाचपायचे. रतनवाडीच्या खडबडीत रस्त्याने आम्हांला ते शिकवले. पाटे कडक असतात, गाडी दणके देत चालते, आणि सकाळी घट्ट बांधलेला पट्टा दुपारी सैल झालेला असतो.

आता जे सांगण्यासाठी मी खरोखर उभी राहिले, ते सांगते. ते सहलीचे नाही, जिवाचे आहे.

२०२१ च्या डिसेंबरात आम्ही दोघे, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई असे घाटघरला गेलो. घोटीवरून बारी, शेंडी, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या काठाने पुढे. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा मुलूख, म्हणून नाक्यावर पावती फाडायची आणि जंगलात कुठेही गाडी न घालता गावातल्या एखाद्याच्या अंगणात विचारून मुक्काम करायचा, हा आमचा नियम. ज्यांच्या अंगणात उतरलो त्यांच्याकडेच पिठले-भाकरी जेवलो. रात्री वारा असा सुटला की बोटे वाकेनात. पुरुषमंडळी खाली तंबूत झोपायची होती, आम्ही दोघी पेटीत. संध्याकाळी वांगी भाजायला शेगडी पेटवली होती. तिच्यातले निखारे अजून लाल होते, धूर मुळीच नव्हता. भाऊजींनी मायेने ती शेगडी उचलून आत दाराशी ठेवली. "वहिनी, तुम्हांला थंडी वाजायची नाही." आम्हीही खूष झालो. कॅनव्हासच्या खिडक्यांच्या साखळ्या वरपर्यंत ओढल्या, दार लावले, आणि उबेत गप्पा मारत पडलो.

किती वेळ गेला सांगता येत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "मला मळमळते आहे." मला वाटले, वांगी बाधली. माझेही डोके जड होते. ते मी थंडीवर घातले. त्यांना लिंबू-पाणी द्यावे म्हणून उठले, तो पायांत त्राणच नाही. गुडघे आपोआप वाकले आणि मी दारावर कोसळले. आमचे दार बाहेर उघडते आणि त्याची कडी जरा ढिली होती. दोन महिने मी ह्यांच्यामागे "ती कडी नीट करा" म्हणून लागले होते. ती नीट केली असती तर आज हे भाषण दुसऱ्या कोणाचे तरी झाले असते. दार उघडले, मी अर्धी बाहेर लोंबकळले, आणि आवाजाने तंबूतले दोघे उठले. जाऊबाईंना बाहेर काढले तेव्हा त्यांना हाक ऐकू येत होती, पण उत्तर देता येत नव्हते. मोकळ्या हवेत तासाभराने त्या बोलू लागल्या. रात्रीच खाली दवाखान्यात नेले, प्राणवायू लावला.

डॉक्टरांनी समजावले ते मी आजन्म विसरणार नाही. कोळसा कोंडलेल्या जागेत जळतो तेव्हा त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. आपल्या रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. म्हणजे श्वास चालू असतो, आणि शरीर आतून गुदमरत असते. धूर नाही म्हणून निखारे निर्धोक वाटतात, पण घात करतात ते तेच. डोके दुखणे, मळमळ, पायांतली शक्ती जाणे, एवढ्याच काय त्या खुणा. पोट बिघडले असे समजून माणूस तसाच झोपी जातो. एकाच खोलीतल्या दोघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली तर औषध शोधू नये, आधी दार उघडून बाहेर यावे.

भगिनींनो, गाडीवर घर बांधणाऱ्या आपल्यात दोघीतिघीच असतील. पण गॅसचा गीझर आपल्यापैकी किती घरांत न्हाणीघराच्या आत आहे? हात वर करायला सांगत नाही, मनात मोजा. हिवाळ्यात खिडकीला पुठ्ठा लावून, दार घट्ट लावून, गीझर चालू ठेवून आपण न्हातो. ती माझी घाटघरची पेटीच झाली की! गीझर आणि सिलिंडर बाहेर हवेत असावेत. ते होईपर्यंत तरी दार उघडे ठेवून बादल्या भराव्या, गीझर बंद करावा, आणि मग आत जाऊन दार लावावे. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीलाही हेच लागू. पूर्वीच्या घरांना कौलांतून, फटींतून वारा होता. आपल्या स्लॅबच्या खोल्यांना सरकत्या काचा आहेत.

त्या दिवसापासून आमच्या पेटीत जाळ नाही. चहासुद्धा बाहेर, मागची फळी खाली पाडून तिच्यावर. समोरासमोरच्या दोन खिडक्या कितीही थंडी असली तरी चार बोटे उघड्या. त्याचा आणखी एक फायदा झाला. पूर्वी पहाटे आमच्याच श्वासाच्या वाफेने छताला दव धरून तोंडावर टपटप पडे, ते थांबले. वायूची सूचना देणारे घंटीचे एक छोटे यंत्रही उशाशी लावले आहे. आणि दाराची कडी अजून ढिलीच आहे.

आता ज्या प्रश्नासाठी काहीजणी मला बाजूला घेऊन कुजबुजतात, त्याचे उत्तर उघडच देते. झाकणाची बादली, तिला बसायची कड, आत पिशवी आणि लाकडाचा भुसा. वापरल्यावर वरून पुन्हा भुसा टाकायचा, वास येत नाही. आडोशाला उभा तंबू मिळतो, छत्रीसारखा उघडतो, आणि छत्रीच्या उलट मिटताना छळतो. ही सोय झाली म्हणूनच आम्ही बायका या गाडीत बसलो. पुरुषांच्या डोक्यात ती यायला वर्ष लागले. इंजिनाच्या पहिल्या नकाशात दिव्याची जागा होती, पंख्याची होती, मोबाईल भारण्याची होती. हिची नव्हती.

पुढचा भाग माझ्या गाडी चालवण्याचा. घाटघरच्या त्या रात्री हे इतके घाबरले होते की दवाखान्याच्या वाटेवर त्यांचे हात थरथरत होते. भाऊजींना चालवता येत नाही. मागे बसून मी मनाशी ठरवले की हे आपल्याला आले पाहिजे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकले. शिकवणारा मुलगा "काकू, क्लच, क्लच!" म्हणून ओरडे, आणि मला वाटे, सुनेवर असे कोणी ओरडले तर तिने घर सोडावे. काहींनी मला घातले होते की पिकअपला वेगळे लायसन्स लागते. ते तसे नाही. साडेसात हजार किलोंच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघीजणी, मी, जाऊबाई आणि शेजारच्या एक बाई, पुरुषांना घरी ठेवून साल्हेरला गेलो. साल्हेर महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, २०२५ साली जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर असा रस्ता. गडावर जायचा आमचा विचारच नव्हता, गुडघे कुणाचेच साथ देणारे नाहीत. पायथ्याला दोन दिवस राहायचे आणि डोंगर पाहायचा, बस्स. एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या वावराकडेला, त्याला विचारून, गाडी लावली.

रात्री अवकाळी पाऊस आला. कॅनव्हास गळला नाही, याचा मला अभिमान वाटला, तो सकाळपर्यंत टिकला. काळी माती! पाऊणतास पडलेल्या पावसाने तिचा लगदा झाला. चाकाला माती चिकटून चाकच गोळा झाले. मागची चाके गरगर फिरत आणि गाडी आणखी खाली बसे. मी चाकांतली हवा थोडी कमी केली, पुढे गोणपाट टाकले, दोन हात पुढे सरकलो आणि पुन्हा रुतलो. घरी फोन करावा असे तिघींनाही वाटत होते. कोणी बोलले नाही. शेवटी त्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला, दोर लावला आणि पाच मिनिटांत बाहेर काढले. पैसे घेईना. "मावशी, आधी विचारलं असतं तर मुरमाड जागा दाखवली असती," एवढेच म्हणाला. जागा त्याला विचारली होती, माती विचारली नव्हती.

गाडी सुकेपर्यंत आम्ही त्याच्या ओट्यावर चहा घेत बसलो. कांदा काढायला आलेल्या बाया पेटी पाहायला जमल्या. त्यांतली एक चाळिशीची असेल, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारी, त्या वर्षी पाय मोडल्यामुळे मागे राहिलेली. मी तिला आत बोलावले. फळी, बाक, भांड्यांची जाळी, सारे तिने हात लावून पाहिले. मला वाटले, ती किंमत विचारील. पुष्कळजण तेच विचारतात, आणि आकडा सांगताना मला आपले चोरट्यासारखे होते. तिने किंमत विचारली नाही. मध्ये उभी राहिली, हात वर करून छताला बोटे टेकवली, आणि म्हणाली, "ह्यात उभं राहता येतं."

उसाच्या फडावरच्या कोपीत वाकूनच शिरावे लागते, हे तिने मग सांगितले. पाचटाची कोपी, वर प्लास्टिकचा कागद, आत चूल, मूल आणि पाण्याची घागर, असे पाच-सहा महिने. फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, त्यांच्या बायका सारे घर घोड्याच्या पाठीवर लादतात आणि रोज नव्या जागी उतरवतात. काय घ्यायचे नि काय टाकायचे, हे त्या ताणकाट्याशिवाय जाणतात. आम्ही हौसेने दोन रात्री करतो आणि त्याचे फोटो काढतो. परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. सटाण्याला पोचल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "तिला कोपीसाठी जाड ताडपत्री पाठवू या." आमच्या कॅनव्हासवाल्याकडून शिवून घेतली, कडांना पितळी कड्या ठोकून. त्या शेतकऱ्याच्या पत्त्यावर पाठवली. पोचल्याचा निरोप आला, सोबत पोतेभर कांदेही आले. ते वजन करून घेतले नाही.

वेळ संपत आली अशी खूण चिटणीसबाई करत आहेत. गाडी आज हॉलच्या मागच्या गल्लीत आणून ठेवली आहे. चहा झाल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी यावे, तीन-तीनजणींनी आत जावे, चप्पल बाहेर काढावी. छत वर करताना कड्या मी सोडीन, कोणी हात घालू नये, बोट चेमटते. आणि दाराची ढिली कडी कोणी दुरुस्त करू नये.